गिरणारे, काश्यपी आणि एक पंक्चर

रविवारी पहाटे साडेपाचला नाशिकच्या गंगापूर रोडने सायकलींवर निघालो, मी आणि धाकटा भाऊ, प्लॅन एवढाच की गिरणाऱ्यात चहा मारायचा आणि मग जमेल तेवढं वाघेरा घाटाकडे जायचं. गिरणारे म्हणजे टोमॅटोचं गाव, सीझनला क्रेटनी भरलेल्या पिकअप इतक्या असतात की सायकलवाल्याला कोणी मोजतच नाही, म्हणून लवकर निघालेलं बरं.

खरी मजा पुढे, धोंडेगाव सोडलं की. काश्यपी धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि बोलणंच बंद होतं. पाणी एकदम स्थिर, काठावर दोन बगळे, आणि एक आजोबा बैलाला पाणी पाजत होते, आम्हाला बघून म्हणाले, "एवढ्या लांब सायकलीवर? गाडी बंद पडली का?" 😄

मग जंगल सुरू. साग, मधेच पळस, आणि पावसाळ्यानंतर सागाची पानं एवढी मोठी होतात की एक डोक्यावर धरलं तर टोपीच. चढाला माझा दम निघाला, गिअर सगळ्यात खालचा तरी उतरून ढकलत नेली, लाज वगैरे काही नाही. वर पोचतो न पोचतो तोच मागचं चाक फुस्स. बाभळीचा काटा! ट्यूब होती पण पंप घरी राहिलेला, भाऊ म्हणतो, "दादा, तूच म्हणाला होतास मी घेतो." शेवटी दुधाच्या टेम्पोत सायकली टाकून गिरणाऱ्यापर्यंत आलो, तिथे पंक्चरवाला भेटला आणि मिसळपण.