जीभ कोणाची घसरली?
आज दांडिया बाजारात चहा घेताना एका काकांनी २०१७ साली काँग्रेसच्या संदीप दीक्षितांनी लष्करप्रमुखांची तुलना रस्त्यावरच्या गुंडाशी केल्याचा प्रसंग मोठ्या तावातावाने सांगितला. मात्र मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे भाजपचे मंत्री विजय शाह ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देणाऱ्या आपल्या वडोदऱ्याच्याच कर्नल सोफिया कुरेशींविषयी जे अभद्र बोलले आणि ज्याची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तो विषय निघताच ‘अहो, जीभ घसरली’ म्हणत त्यांनी बशी पुढे ओढली. शेजारचे विरोधी पक्षाचे समर्थक लगेच सरसावले. परंतु त्याच आठवड्यात समाजवादी पक्षाच्या रामगोपाल यादवांनी विंग कमांडर व्योमिका सिंह यांची जात काढली होती, असे मी म्हणताच त्यांनाही (अपेक्षेप्रमाणेच) ‘संदर्भ’ आठवला. त्यानंतर दोघांनी एकमताने गल्लीतल्या खड्ड्यांचा विषय काढला.