इन्व्हरी: जमीन परत मिळवलेलं गाव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इन्व्हरी गावाला गाडीरस्ता नाही. हे बेट नव्हे, ब्रिटनची मुख्य भूमीच आहे. पण नॉइडार्ट द्वीपकल्पाच्या पाठीशी डोंगर असे दाटीने उभे आहेत की बाहेरचा एकही रस्ता इथवर आलेला नाही. मलेग बंदरातून बोटीने जायचं, नाही तर किनलॉख हूर्नहून सुमारे २५ किलोमीटर डोंगर तुडवत यायचं. सगळ्या द्वीपकल्पावर मिळून शंभर-सव्वाशे माणसं राहतात, आणि त्यांचं मुख्य गाव म्हणजे इन्व्हरी.

बरेच प्रवासी इथल्या ‘ओल्ड फोर्ज’ पबसाठी येतात. मुख्य भूमीवरचा सर्वांत दुर्गम पब म्हणून त्याचं नाव झालं आहे. सकाळच्या बोटीने उतरायचं, बिअर प्यायची, फोटो काढायचे आणि दुपारच्या बोटीने परत. माझं आग्रहाचं सांगणं आहे की असं धावत जाऊ नका, निदान दोन रात्री राहा. हे गाव ज्या जमिनीवर उभं आहे ती आज गावाच्याच हातात आहे. तिथवर पोहोचायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली, आणि ते समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं.

आधी पोहोचण्याविषयी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर चालत नाही. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून मलेगची गाडी पकडा, साधारण साडेपाच तास लागतात. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळे आरक्षण आधी करा. बऱ्याच गाड्या क्रिअनलारिखला दुभंगतात, अर्धे डबे ओबानला जातात. आपला डबा मलेगचाच आहे ना, हे चढतानाच विचारून घ्या. ग्लासगोहून निघताना उजव्या बाजूची खिडकी मिळवा. आधी लॉख लोमंड हे मोठं तळं त्या बाजूला दिसतं. पुढे फोर्ट विल्यमला गाडी उलट दिशेने निघते, त्यामुळे तीच खिडकी डावीकडची होते आणि ग्लेनफिनननचा २१ कमानींचा पूल वळणावर समोर येतो. हा पूल काँक्रीटचा आहे आणि मलेगपर्यंतचा हा फाटा १९०१ साली सुरू झाला. अरिसेग आणि मोरारच्या आसपास समुद्र दिसायला लागतो, तेव्हा झोपून जाऊ नका.

मलेगला सुपरमार्केट आहे. भाजी, ब्रेड, दूध, डाळ-तांदूळ, जे लागेल ते तिथेच भरून घ्या. इन्व्हरीत छोटं दुकान आहे, पण सगळं मिळेलच असं नाही. चुलीसाठी गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, तो फोर्ट विल्यमला विकत घ्यायचा. पलीकडे बँक नाही, म्हणून थोडे पौंड रोख जवळ असू द्या. स्कॉटलंडच्या बँकांच्या स्वतःच्या नोटा असतात. उरल्या तर तिथेच खर्च करा, भारतात बदलून मिळायला त्रास होतो.

मलेगहून बोट निघाली की अर्ध्या-पाऊण तासात इन्व्हरीचा धक्का येतो. आम्ही उतरलो तेव्हा माणसांआधी सामान उतरत होतं: खोकी, सिलिंडर, लाकडी फळ्या, कोणाची तरी सायकल. धक्क्यावर आलेला प्रत्येक जण हात लावत होता. गावाला लागणारी प्रत्येक वस्तू अशीच पाण्यावरून येते, हे त्या पाच मिनिटांत जितकं कळलं तितकं वाचून कळलं नसतं. पाण्याच्या काठाने पांढऱ्या घरांची एक ओळ, दुकान, प्राथमिक शाळा, सभागृह, पब. गाव एवढंच. हायस्कूल पाण्यापलीकडे, मलेगला. गावात रस्ता आहे, पण तो दहा-अकरा किलोमीटर जाऊन संपतो आणि देशाच्या रस्त्यांना कुठेही मिळत नाही. वीज राष्ट्रीय ग्रिडमधून येत नाही. वरच्या डोंगरातल्या तळ्याचं पाणी खाली आणून गाव स्वतःची वीज तयार करतं. म्हणून मुक्कामी असताना हीटर आणि गरम पाणी जपून वापरा. दिवे, फ्रीज आणि शेजारघरचा स्वयंपाक, सगळं त्याच एका छोट्या केंद्रावर चालतं.

आता जमिनीची गोष्ट. १८४६ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, खंड थकले. १८५३ मध्ये इथली मालकीण जोसेफिन मॅकडॉनेल हिने कुळांना हाकललं. तीनशेहून अधिक माणसं ‘सिलरी’ नावाच्या जहाजावर चढवून कॅनडाला धाडली गेली. ज्यांनी जायला नकार दिला त्यांची घरं पाडली. पुढे ही जमीन जेम्स बेअर्ड या लोखंडाच्या उद्योगपतीला विकली गेली आणि माणसांच्या जागी मेंढ्या आल्या, मग शिकारीसाठी हरणं.

१९३० च्या दशकात जमीन लॉर्ड ब्रॉकेटकडे आली. हे गृहस्थ १९३९ साली हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हजर होते. युद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या तरुणांना आपल्याच गावात कसायला तुकडा नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये सात जणांनी खुंट्या ठोकून जमिनीवर हक्क सांगितला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना जमीन देण्यासाठी कायदा झाला होता, त्याचाच त्यांना आधार वाटत होता. कोर्टाने मनाई केली, ते हटले, आणि खटला हरले. त्यांच्या हयातीत त्यांना ती जमीन मिळाली नाही. त्यानंतर मालक बदलत राहिले. शेवटी मार्च १९९९ मध्ये ग्रामस्थांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॉइडार्ट फाउंडेशनने सुमारे १७,००० एकर जमीन विकत घेतली. पुढे २०२२ मध्ये पबही गावाने सामूहिक मालकीत घेतला. तिथे एक ग्लास घेताना पैसे कुठे जातात हे ठाऊक असलं की बसायला वेगळंच बरं वाटतं.

दोन स्मारकं अवश्य पाहा, एकाच दिवशी. गावातच सात जणांच्या आठवणीचा दगडांचा साधा ढिगारा आहे, १९९१ साली उभारलेला. मग डूलोखन नावाच्या तळ्याच्या वाटेवर चालू लागा. पाऊण-एक तासात डावी-उजवीकडे दरी उघडते आणि एका उंचवट्यावर ब्रॉकेट घराण्याचं भलंमोठं स्मारक दिसतं. त्याच्याभोवती वस्ती नाही. वाट सोपी आहे, मुलांनाही जमेल, फक्त बूट पाणी न शिरणारे हवेत.

ज्यांना डोंगर हवेत त्यांच्यासाठी १,०२० मीटरचा लाडर व्हेन आहे. उच्चार ‘लार्व्हेन’च्या जवळ जाणारा. समुद्रसपाटीपासून चढायचं असल्यामुळे अख्खा दिवस जातो. नकाशा आणि होकायंत्र वापरता येत नसेल तर एकटे जाऊ नका. धुकं फार पटकन उतरतं आणि फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या जमिनीवर चालायचा हक्क आहे. तरीही हरणांच्या शिकारीचं भान ठेवावं लागतं. २०२३ पर्यंत १ जुलै ते २० ऑक्टोबर हा नर हरणांच्या शिकारीचा ठरलेला काळ होता, आता त्यांची शिकार वर्षभर करता येते. म्हणून कोणत्या बाजूला शिकार चालू आहे हे गावात विचारून मगच निघावं.

ही शिकार पाहून माझ्या नवऱ्याला आधी वाईट वाटलं. पण गावाबाहेरच्या कुंपणाच्या आत आणि बाहेर नजर टाकली की कारण डोळ्यांना दिसतं. आत बर्च, रोवन आणि पाइनची कोवळी झाडं; बाहेर नुसतं गवत आणि हेदरची खुरटी झुडपं. लांडगे कधीच संपले, हरणं वाढली, आणि उगवणारं प्रत्येक रोप ती खातात. हरणांची संख्या आटोक्यात ठेवली तरच जंगल परत येतं. गावाच्या वनसंस्थेने लावलेल्या झाडीतून चालताना पाखरांचा आवाज एकदम वाढतो.

जेवणाचं सांगायचं तर मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. तिथल्या समुद्रातली लँगोस्टीन म्हणजे लांब चिमट्यांची कोळंबी, नुसत्या लोण्या-लसणीत दिली तरी पुरे. हरणाचं मांसही मिळतं. शाकाहारी माणसाला उपाशी राहावं लागत नाही, पण पर्याय एक-दोनच असतात. आम्ही चटणी, लोणचं आणि मेथीचे ठेपले सोबत नेले होते आणि त्यांचा फार उपयोग झाला. पबात जेवायचं तर टेबल आधी सांगून ठेवा.

कधी जावं? एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची बारीक चिलटं असतात आणि वारा पडला की ढगांनी अंगावर येतात. उन्हाळ्यातच जायचं असेल तर डोक्यावरून घ्यायची जाळी घ्याच. गवतातून चालून आल्यावर रोज रात्री पाय, गुडघ्यांमागची जागा आणि कंबर तपासा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, कारण तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तेव्हा डोळ्यांवर बांधायला पट्टी ठेवा.

राहायला फाउंडेशनचं बंकहाऊस, म्हणजे एकेका खोलीत अनेक खाटा असलेलं साधं वसतिघर आहे आणि लाँग बीचवर तंबूची जागा. दोन्हींचे पैसे गावातच राहतात. परतीची बोट शक्यतो सकाळची घ्या आणि विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. वारा चढला की बोट सुटत नाही, आणि हिवाळ्यात फेऱ्याही कमी असतात. मधला एक दिवस मोकळा ठेवला तर बोट वेळेवर निघाली तरी मलेगच्या बंदरावर मासेमारीच्या नावा पाहण्यात तो छान जातो.