तासाला एक टक्का

मी डॉक्टर नाही. रुग्णालयात किरणोत्सर्गाचं मोजमाप सांभाळणारा भौतिकशास्त्रज्ञ आहे. रुग्णांना मी बहुधा यंत्र दुरुस्त करायला आलेला माणूस वाटतो. त्या दिवशी मात्र कॅथ लॅबमधले (क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत रक्तवाहिन्यांत नळी घालतात त्या खोलीतले) सगळेजण माझ्याकडे बघत होते, टेबलावर झोपलेले काकासुद्धा.

काका साठी ओलांडलेले. जुन्या हिपॅटायटिस-बीमुळे यकृताचा सिऱ्होसिस झालेला, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं, आणि त्यात उजव्या बाजूला कर्करोगाची एकच गाठ. शस्त्रक्रिया त्या यकृताला झेपली नसती. बाहेरून सरसकट किरणोत्सर्गाचा शेक द्यावा, तर संपूर्ण यकृत जेमतेम ३० ग्रेच्या आसपास सोसतं (ग्रे हे ऊतकात शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाचं माप). तेवढ्यानं अशी गाठ मरत नाही. म्हणून डॉक्टरांनी आतून जायचं ठरवलं होतं.

हा उपचार शरीराच्या एका सोयीवर उभा आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. निरोगी पेशी जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून घेतात, तर गाठ मुख्यतः यकृताच्या रोहिणीवर जगते. तेव्हा मांडीतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी त्या रोहिणीपर्यंत न्यायची आणि किरणोत्सर्गी मणी सोडायचे. मणी म्हणजे २० ते ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काच. यट्रियम हा धातू मिसळलेल्या काचेचे मणी करून ते अणुभट्टीत ठेवतात, तिथे त्याचं किरणोत्सर्गी यट्रियम-९० होतं. यट्रियम-९० चे बीटा किरण ऊतकात सरासरी अडीच मिलिमीटर जातात, फार तर ११. मणी जिथे अडकतो तिथलंच जळतं.

अडकू नये तिथे अडकला, तर तिथलंही जळतं. जठराकडे जाणारी एखादी फांदी नजरेतून सुटली, तर तिथे असा व्रण होतो की तो भरता भरत नाही. त्यामुळे खरं कष्टाचं काम आधीच्या भेटीत झालेलं असतं. डॉक्टर फांदीन् फांदी तपासतात, निरुपद्रवी, सौम्य किरणोत्सर्गी टेक्नेशियमचे कण सोडून रंगीत तालीम करतात आणि मी फुप्फुसात किती निसटतात ते मोजतो. काकांच्या बाबतीत ते प्रमाण थोडं होतं. गाठ यकृताच्या एकाच भागात होती, म्हणून तेवढ्याच भागाला भरपूर मात्रा द्यायची होती. अशा वेळी ४०० ग्रेच्या वर जावं, असा अलीकडचा पायंडा आहे. निसटणारं आणि नळीत राहणारं सगळं वजा करून, दुपारी बारा वाजता ४२५ ग्रे बसतील अशी मण्यांची कुपी मी मागवली होती.

बाराला पाच कमी असताना नळी जागेवर पोचली आणि रोहिणी आकसली. नळीचा स्पर्श सहन झाला नाही की असं होतं. पडद्यावर डाय (क्ष-किरणांत रक्ताचा प्रवाह दिसावा म्हणून सोडलेला द्रव) पुढे सरकेना, उलट मागे दुसऱ्या फांदीत उतरायला लागला. डॉक्टर मॅडमनी नळी जराशी मागे घेतली, नायट्रोग्लिसरीन सोडलं आणि थांबल्या. मणी रक्ताच्या प्रवाहाबरोबरच पुढे जातात. प्रवाह मेला असेल, तर तेही डायसारखेच मागे फिरतील.

अर्धा तास गेला. कुपी अ‍ॅक्रिलिकच्या जाड कवचात ट्रॉलीवर होती. (बीटा किरणांसमोर थेट शिसं ठेवलं, तर त्यातून क्ष-किरण निघतात. म्हणून आधी प्लॅस्टिक. नव्या लोकांना हे पटवताना माझा घसा दुखतो.) तरुण डॉक्टरांची चुळबुळ सुरू झाली. "सर, औषध कमी होतंय ना? आता देऊनच टाकूया का?"

मॅडमनी वर न बघता विचारलं, "किती वेळ आहे माझ्याकडे?"

यट्रियमचं अर्धायुष्य ६४ तास, म्हणजे तेवढ्या वेळात त्याची ताकद निम्मी होते. म्हणजे तासाला साधारण एक टक्का घट. मी म्हणालो, "चार वाजले तरी ४०७ ग्रे बसतील. उद्यावर गेलं तर मात्र २३ टक्के गेलेले असतील. मग ३२८. ते मला चालणार नाही."

"म्हणजे चारपर्यंत कोणी घाई करायची नाही," मॅडम म्हणाल्या.

किरणोत्सर्ग म्हटलं की लोकांना टिकटिकणारा बॉम्ब आठवतो, डॉक्टरांनासुद्धा. यट्रियम तासांच्या बाबतीत उदार असतं आणि दिवसांच्या बाबतीत कडक. ती उदारता वापरायला आकडा कोणीतरी मोठ्यानं सांगावा लागतो.

काका जागेच होते. या कामाला भूल फक्त टोचण्याच्या जागी देतात. "ते काय म्हणतायत?" त्यांनी नर्सला विचारलं. "वेळ आहे म्हणतायत, काका." "मग मी जरा डोळे मिटतो," असं म्हणून ते खरोखर घोरायला लागले.

दीडच्या सुमाराला डाय पुन्हा सरळ धावला. तिथून पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. नळ्या जोडल्या, सिरिंज दाबली, काही मिनिटांत कुपी रिकामी. काकांना जाग आली तेव्हा सगळं आवरत आलं होतं. नंतर मी प्रत्येकाच्या बुटांचे तळवे मीटरनं तपासले, उरलेल्या नळ्या मोजल्या. बाराव्या दिवसापर्यंत जवळपास सगळी मात्रा आतच खर्च होणार होती.

दुसऱ्या दिवशी पेट स्कॅन केला. यट्रियमच्या दहा लाख विघटनांमागे फक्त ३२ वेळा पॉझिट्रॉन, म्हणजे पेट स्कॅनला हवा असतो तो कण, निघतो, पण तेवढ्यावरही चित्र उमटतं. उजवीकडचा ठरलेला भागच उजळला होता.

तीन महिन्यांनी काकांची मुलगी रिपोर्ट घेऊन आली, चेहरा पडलेला. "गाठ होती तेवढीच आहे हो." मी तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी एमआरआय पडद्यावर लावला आणि आधीचं चित्र शेजारी ठेवलं. आधी डाय सोडताच गाठ झगझगायची, आता ती काळीच राहत होती. मेलेली गाठ हळूहळू आक्रसते, कधीकधी वर्षभरही घेते, असं त्यांनी सांगितलं. मुलीनं दोन्ही चित्रांचे फोटो काढून घेतले. काकांनी पुढची तारीख विचारली.