गॅस क्वीन्सलँडचा, भाव जपान-कोरियाचा

गावाकडून फोन आला की हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो: "ऑस्ट्रेलिया सगळ्या जगाला गॅस विकतो, मग तुमची बिलं का वाढतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. खरं तर जगाला विकतो म्हणूनच वाढतात, पण हे फोनवर पटवून देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी मेलबर्नची थंडी सांगते. जून ते ऑगस्ट. बर्फ पडत नाही, पण जुन्या घरांच्या फटींतून इतका वारा येतो की दारं-खिडक्या लावूनही रात्री काकडायला होतं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सुमारे 20 लाख घरांत पाइपचा गॅस आहे आणि तो शेगडीपेक्षा घर गरम करायला आणि अंघोळीच्या पाण्यालाच जास्त लागतो. राज्याच्या दक्षिणेच्या बास सामुद्रधुनीतला गॅस 1969 पासून इथे येतोय. तो इतका स्वस्त होता की घरं नीट बांधायची, भिंतींत उष्णतारोधक थर घालायचा, याची फारशी फिकीर कुणी केली नाही. आता तो साठाही आटत चाललाय.

देशाच्या पूर्व भागातल्या गॅसला 2014 पर्यंत बाहेर जायला वाटच नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे इथलीच घरं, कारखाने आणि वीजकेंद्रं. घाऊक भाव गिगाज्यूलला (गॅस मोजायचं इथलं ऊर्जेचं एकक) 3-4 ऑस्ट्रेलियन डॉलर. मग क्वीन्सलँडमध्ये ग्लॅडस्टनजवळच्या कर्टिस बेटावर एकाला लागून एक तीन प्रकल्प उभे राहिले. कोळशाच्या थरांतला गॅस तिथे उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करतात. घनफळ सुमारे सहाशे पटींनी घटतं आणि तो जहाजात मावतो. 2015 उजाडता उजाडता पहिलं जहाज निघालं. त्यानंतर विकणाऱ्याचा हिशेब पार बदलला. आशियातला, म्हणजे जपान-कोरियातला, भाव धरायचा, त्यातून द्रवीकरणाचा आणि जहाजाचा खर्च वजा करायचा. जे उरेल त्याहून कमी भावात तो शेजारच्या कारखान्याला तरी का देईल? या उरलेल्या आकड्याला इथे 'नेटबॅक' म्हणतात आणि आमच्या ऑफिसात तो हवामानासारखा रोज विचारला जातो.

बरं, नुसता भाव वाढला असता तर एक वेळ चाललं असतं. प्रकल्पवाल्यांनी परदेशी गिऱ्हाइकांशी वीस-वीस वर्षांचे करार करून ठेवले होते आणि त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या विहिरी त्यांना पुरल्या नाहीत. मग कराराची जहाजं भरायला त्यांनी देशातल्या बाजारातला गॅसही उचलला. म्हणजे महागाई आणि टंचाई दोन्ही.

मी एका वीट कारखान्यात हिशेब बघते. इथली भट्टी म्हणजे लांबलचक बोगदा. कच्च्या विटांनी भरलेल्या गाड्या एका तोंडातून रुळांवरून हळूहळू आत सरकतात आणि दुसऱ्या तोंडातून भाजून बाहेर येतात. मधल्या भागात हजार अंशांच्या वर आच असते. ही भट्टी ख्रिसमसलाही विझवत नाहीत, कारण ती एकदम थंड झाली तर आतलं अस्तर तडकतं. भाव चढला म्हणून चार दिवस बंद ठेवू, असं म्हणता येत नाही. 2017 च्या सुमारास कराराचं नूतनीकरण आलं तेव्हा पुरवठादाराचा प्रस्ताव जुन्या दराच्या दुपटीहून जास्त होता, आणि उत्तर द्यायला मुदत जेमतेम दोन दिवसांची. घासाघीस नाही, घ्यायचं तर घ्या. आमच्या मॅनेजरनी मुकाट्याने सही केली. दुसरं कोण देणार होतं?

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि भाव इतके भडकले की व्हिक्टोरियाच्या घाऊक बाजारात गिगाज्यूलला 40 डॉलरची कमाल मर्यादा घालावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने नव्या घाऊक करारांसाठी 12 डॉलरची कमाल मर्यादा आणली. चार डॉलर आठवणाऱ्यांना बारा म्हणजे दिलासा वाटावा, इथवर गाडी गेली होती.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ब्रिस्बेनच्या गिब्सन आयलंडची. तिथे गॅसपासून अमोनिया आणि युरिया बनायचा, आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यासारखाच. युरिया बनवणारा देशातला तो एकमेव कारखाना. परवडेल असा गॅस मिळत नाही म्हणून तो 2022 अखेर बंद करणार, असं 2021 च्या नोव्हेंबरात जाहीर झालं आणि तो बंद झालाही. ज्या राज्यातून गॅसची जहाजं भरून जातात, त्याच राज्यातला शेतकरी आता परदेशी युरिया घालतो.

निर्यात बंद करा, असं मी म्हणत नाही. भारतही इथला गिऱ्हाईक आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉर्गन प्रकल्पाचा गॅस कोचीला उतरतो. पण त्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने 2006 मध्येच ठरवून टाकलं होतं की निर्यात करणाऱ्याने 15 टक्के गॅस राज्यासाठी राखून ठेवायचा. निर्यात जोरात चालू आहे आणि तिथले कारखाने पूर्वेपेक्षा बऱ्याच कमी दरात गॅस घेतात. पूर्वेला परवानग्या देताना केंद्राने हीच अट घातली असती तर? तेव्हा कंपन्यांना इथे यायचं होतं, अट मान्य झाली असती. 2017 मध्ये टंचाई पडली तर निर्यात रोखायचा अधिकार सरकारने घेतला, पण करार झाल्यावर आलेला नियम धाक दाखवण्यापुरताच राहतो. आणि आता न्यू साउथ वेल्समध्ये पोर्ट केम्बला इथे गॅस आयात करायचं टर्मिनल उभं आहे. निर्यातदार देशात! मला याचा अजूनही संताप येतो.

आम्ही घरी गॅसची हीटिंग काढून विजेवरचा, गरम हवाही देणारा एसी बसवला, बिल बरंच उतरलं. नव्या घरांना गॅसची जोडणी देणंही व्हिक्टोरियाने 2024 पासून बहुतेक ठिकाणी थांबवलंय. घरांची सोय अशी होईल. वीट, काच, खत यांना मात्र इतक्या सहज विजेवर जाता येत नाही. पूर्वेकडेही राखीव वाटा ठेवायचा विचार आता सुरू आहे, तेव्हा त्यातला पहिला हक्क या कारखान्यांना मिळावा आणि दर नेटबॅकला न बांधता गॅस काढायच्या खर्चावर ठरावा, एवढं माझं स्पष्ट मत आहे.