डिंगलचे गडगे

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डिंगलच्या पायी सहलीत तिसऱ्या दिवशी दुपारी, स्ले हेड या भूशिराच्या वरच्या उतारावर, आमच्या गाइडनी वाटेत पडलेला एक दगड उचलला, हातात दोनदा फिरवला आणि शेजारच्या गडग्यातल्या रिकाम्या खाचेत बसवला. हे करताना त्यांचं बोलणं एकदाही थांबलं नाही. मला बाबा आठवले. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी पावसाळा सरला की बाबा असेच परड्याच्या कडेकडेनं फिरायचे. ढासळलेला चिरा उचलायचे, फिरवायचे, बसवायचे. "दगडाक तोंड आसता, ता आधी बघूचा," म्हणायचे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. तोच गडगा इथे आठ हजार किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठी उभा होता. फरक एवढाच, की आमचा चिरा तांबडा आणि इथला दगड करडा, वर पांढऱ्या-पिवळ्या शेवाळाचे ठिपके.

माझा मुलगा डब्लिनला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो की आम्ही दोघी बहिणी आठवडाभर कुठेतरी चालायला जायचं, असं दोन वर्षं म्हणत होतो. या सप्टेंबरात जमलं. (आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा असला तरी इथला वेगळा बघावा लागतो. ते काम आधी उरकून घ्या.) डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रलीला गाडीनं चारेक तास लागतात. ट्रलीपासून पश्चिमेला डिंगलचं द्वीपकल्प सुरू होतं. अंगठ्यासारखा समुद्रात घुसलेला, पन्नासेक किलोमीटर लांबीचा हा डोंगराळ पट्टा काउंटी केरीमध्ये येतो. त्याला वळसा घालणारी 'डिंगल वे' ही पायवाट ट्रलीहून निघून ट्रलीलाच परत येते. ती सगळी मिळून १७९ किलोमीटर भरते. आम्ही ती पूर्ण चाललो नाही. आठ जणांचा गट, रोज बारा ते अठरा किलोमीटर, मधले रस्त्याचे तुकडे व्हॅननं. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला गाडीनं जायचं, पाठीवर फक्त पाणी, सँडविच आणि रेनकोट. साठीच्या आसपासच्या माणसाला हे अगदी झेपतं. बूट मात्र घरी महिनाभर वापरून आणा. बहिणीनं नवे बूट घातले आणि पहिल्याच संध्याकाळी टाचेला फोड आला, तो शेवटपर्यंत जपावा लागला.

आमचे गाइड दून कीनचे, साठीच्या पुढचे. त्यांची घरची भाषा आयरिश. द्वीपकल्पाचा पश्चिम भाग गेल्टाख्टमध्ये मोडतो, म्हणजे जिथे आयरिश ही रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणून सरकारनं मान्य केली आहे, असा प्रदेश. रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये. भेटल्यावर 'डिया ग्वित' म्हणतात, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो. उत्तर देणारा त्यात भर घालतो, देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत. आपल्या 'राम राम'सारखंच हे देवाचं नाव घेऊन भेटणं. रस्त्याला आयरिशमध्ये 'बोहर' म्हणतात आणि त्याचं मूळ 'बो' म्हणजे गाय, असं गाइड म्हणाले, तेव्हा मी थांबलेच. संस्कृत 'गो' आणि हे 'बो' एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. गाईगुरांच्या जाण्यायेण्याची वाट, तो रस्ता. राजाला 'री' आणि दहाला 'देह' म्हणतात हेही मग कळलं. त्यानंतर मी आठवडाभर प्रत्येक पाटी वाचत गेले.

पहिले दोन दिवस भराभर सांगते. इंचची पाच किलोमीटरची पुळण सुंदर आहे. ओहोटीला ती इतकी रुंद होते, की पाणी शोधत जावं लागतं. अ‍ॅनस्कॉल हे गाव मात्र थांबून पाहावं ते टॉम क्रीन यांच्यासाठी. हा शेतकऱ्याचा मुलगा १८७७ मध्ये इथे जन्मला, कोवळ्या वयात ब्रिटिश आरमारात गेला आणि तीनदा अंटार्क्टिकाला जाऊन आला. १९१२ मध्ये त्यांचा एक आजारी अधिकारी बर्फात अडकला होता. मदत आणायला क्रीन एकटे निघाले. जवळ तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. सुमारे ५६ किलोमीटर बर्फ त्यांनी १८ तासांत तुडवला आणि अधिकारी वाचला. मग गावी परतून त्यांनी 'साउथ पोल इन' नावाचा पब काढला आणि त्या पराक्रमाबद्दल जवळजवळ कधीच बोलले नाहीत. गावात त्यांचा पुतळा आहे, हातात कुत्र्याची पिल्लं घेतलेला. मला तो फार आवडला. पराक्रमी माणसाच्या हातात पिल्लं असलेला पुतळा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तिसऱ्या दिवसापासून हा प्रवास मनात रुतायला लागला. व्हेंट्रीहून निघालो तेव्हा झिमझिम सुरू होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना फ्यूशियाची दाट कुंपणं, त्यांना लाल-जांभळी फुलं कानातल्या लोलकांसारखी खाली लटकलेली. त्या फुलाचं आयरिश नाव 'जोरा जे', देवाचे अश्रू. मूळचं झाड दक्षिण अमेरिकेचं, पण केरीत असं रुजलंय की परकं वाटत नाही. मध्येमध्ये काळीभोर पिकलेली ब्लॅकबेरी. आम्ही करवंदं खावीत तशी तोडून खात चाललो, बोटं जांभळी झाली.

वाट ईगल डोंगराच्या पोटाला लागून चढते. उजवीकडे मेंढ्यांची कुरणं आणि गडगे, डावीकडे सरळ खाली समुद्र. याच उतारावर क्लोखान आहेत, म्हणजे दगडाच्या गोल झोपड्या. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला, शेवटी माथ्यावर एकच दगड. आत वाकून गेलो. बाहेर वारा सोसाट्याचा आणि आत एकदम शांत, कोरडं. भिंतीला हात लावला तर गार, पण ओल नाही. दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवलेले असतात, म्हणून पाणी आत न येता बाहेर ओघळतं, असं गाइडनी दाखवलं.

दुपार कलली तेव्हा ऊन पडलं आणि समोरच्या डोंगरावर मला रेघा दिसल्या. सरळ, समांतर, अगदी वरपर्यंत, जिथे आता गवत आणि हीदरच्या खुरट्या झुडपांशिवाय काही नाही. सरी-वरंबे! बटाट्याचे. खालच्या समुद्रातून शेवाळ पाठीवर वाहून नेऊन लोक खडकाळ उतारावर वरंबे करायचे. चांगली जमीन जमीनदाराची, म्हणून गरिबाचं शेत डोंगरावर चढलेलं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि वर्षानुवर्षं पडत राहिला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथीनं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. ते वरंबे परत कोणी नांगरले नाहीत. भर दुपारी ते दिसतच नाहीत, ऊन तिरपं झालं की सावलीनं वर येतात. एवढा देखणा डोंगर, आणि त्याच्या अंगावर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भुकेल्या माणसांच्या हातांच्या रेघा. फोटो काढायला हात वर गेला नाही.

चौथ्या दिवशी ग्रेट ब्लास्केट बेट. समुद्र बरा असेल तरच बोट जाते, आमचं नशीब बरं होतं. बेटाला धड जेटी नाही, मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरून खडकावर पाय टाकावा लागतो. वर चढलो की गाव. गाव म्हणजे बिनछपराच्या भिंती. घरं उतारात अर्धी खणून घातलेली, वाऱ्याकडे पाठ करून. भरभराटीच्या दिवसांत इथे दीडशेहून जास्त माणसं होती. शाळा होती, पण देऊळ-चर्च नाही, डॉक्टर नाही, दुकान नाही. तरुण पोरं एकेक करत अमेरिकेला गेली. १९४१ मध्ये शाळा बंद झाली. १९४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे ना डॉक्टर येऊ शकला, ना त्याला नेता आलं, आणि तो गेला. त्यानंतर लोकांचा धीर सुटला. नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारनं उरलेल्या २२ जणांना समोरच्या किनाऱ्यावर हलवलं.

आमच्या गाइडची आजी याच बेटावरची. एका भिंतीशी ते थांबले, चुलीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "आजी इथे बसायची." पुढे काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

एवढ्याशा बेटानं आयरिश भाषेला जे दिलं ते मोठं आहे. भाषा शिकायला विद्वान इथे यायचे. नॉर्वेचे कार्ल मार्स्ट्रान्डर १९०७ मध्ये आले. बेटावरचे मच्छीमार टोमास ओ क्रोहान यांनी आपलं आयुष्य स्वतः लिहिलं. पेग सेयर्स या बाईंनी आपलं आयुष्य मुलाला सांगितलं आणि त्यानं ते उतरवून घेतलं. त्यांचं घर दुरुस्त करून ठेवलंय. त्याच्या दारातून मी बराच वेळ खाली बघत होते. पांढऱ्या पुळणीवर करड्या सीलांचा भला मोठा कळप पडला होता आणि त्यांचा लांबट, माणसासारखा सूर वर येत होता. आमच्या वाडीतली कुलपं लावलेली घरं डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे निदान गणपतीला ती उघडतात.

त्या रात्री मुक्कामाच्या घरी यजमानीणबाईंनी बांगड्याचाच भाऊबंद असलेला मॅकरेल तळून वाढला, बरोबर उकडलेले बटाटे आणि सोडा घालून केलेली तपकिरी पाव-भाकर. कुठल्या म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की तुमचे पंतप्रधान झाले ते लिओ वराडकर, त्यांच्या वडिलांचं वराड गाव आमच्याच तालुक्यात. बाईंनी मला शेजारच्या टेबलापाशी नेऊन सगळ्यांना ते परत सांगायला लावलं. मग आणखी एक मॅकरेल ताटात आला.

पाचव्या दिवशी गॅलरस. हजारभर वर्षांपूर्वीचं, कदाचित त्याहून जुनं, छोटंसं दगडी प्रार्थनाघर. उलटी घातलेली होडी जशी दिसते तसं. दून कीनच्या धक्क्यावर डांबर फासलेल्या नेवोग होड्या खरोखरच पालथ्या ठेवलेल्या आदल्या दिवशी पाहिल्या होत्या, त्यामुळे ते रूप लगेच ओळखू आलं. भिंत आणि छप्पर वेगळं नाहीच, भिंतच वाकत वाकत वर जाऊन मिटते. बाहेरून सांध्यात कुठे चुना दिसत नाही, दगड इतके घोटून बसवलेत की सुरीचं पातं जाणार नाही. आत अंधार, पूर्वेला एक लहान खिडकी आणि दाराच्या वर आतल्या बाजूनं भोकं पाडलेले दोन दगड पुढे आलेले, दार अडकवायला. मी त्या भोकात बोट घातलं. कडा गुळगुळीत होत्या. बाबांनी हे पाहायला हवं होतं, एवढंच वाटत राहिलं.

जवळच किलमाल्केडारच्या पडक्या चर्चच्या आवारात ओघम या आयर्लंडच्या प्राचीन लिपीचा दगड आहे. दगडाची धार हीच ओळ, आणि तिच्या आजूबाजूला कोरलेल्या आडव्या-तिरप्या रेघा ही अक्षरं. खालून वर वाचायची. या दगडांवर बहुतेक वेळा एवढंच असतं, की अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा.

सहाव्या दिवशी ब्रँडन डोंगर, ९५२ मीटर. संत ब्रेंडन चामड्याच्या होडीतून पश्चिमेला गेले त्याआधी इथे राहिले होते, अशी कथा आहे. तशीच होडी बांधून टिम सेव्हरिन हे साहसी प्रवासी १९७६ मध्ये खालच्या ब्रँडन क्रीकमधून निघाले आणि पुढच्या वर्षी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला पोचले. यात्रेकरूंच्या वाटेवर पांढरे क्रूस ओळीनं उभे आहेत. आम्ही अर्ध्याच्या वर गेलो आणि ढग उतरला. पुढचा क्रूस दिसेना. गाइड दोन मिनिटं उभे राहिले, मग म्हणाले, परत. गटातल्या एकाला ते पटलं नाही. मला पटलं. डोंगर रोज बघणाऱ्यानं परत म्हटलं की परत. सह्याद्रीतही हाच नियम पाळावा असं मला कळकळीनं वाटतं, दर पावसाळ्यात आपण काय वाचतो ते आठवून.

शेवटच्या दिवशी उत्तरेच्या बाजूनं सपाट चाल होती. शेतं ओलांडायला गडग्यातच पुढे आलेल्या दगडांच्या पायऱ्या असतात. मी वर चढून पलीकडे पाय टाकताना माझ्या गुडघ्यानं माथ्यावरचा एक दगड खाली पडला. गाइड मागेच होते. ते थांबले, पण वाकले नाहीत. मी दगड उचलला, चांगलाच जड होता. ठेवला, तर डुगडुगला. फिरवून ठेवला, तरी एक कोपरा वर राहिला. मग खाली बसून त्याच्याकडे नीट पाहिलं. एका बाजूला शेवाळ होतं, दुसरी बाजू स्वच्छ, इतकी वर्षं आत दडलेली. ती स्वच्छ बाजू आत केली आणि तो बसला. तळव्यानं दाबून पाहिलं, हलला नाही. बहीण आणि बाकीची मंडळी तोवर पुढच्या शेताच्या कडेला पोचली होती.