फुटलेलं वांगं आणि मामी

काल मामी जळगावहून आली आणि येताना पिशवीभर भरताची वांगी घेऊन आली, ती हिरवट पांढरी मोठी मोठी, २०१६ ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय बरं का त्यांना, इथे पुण्यात जांभळी मिळतात पण ती चव नाही म्हणजे नाहीच (भांडायला येऊ नका कोणी 😄). तिकडे शेतात काड्या पेटवून त्यावर भाजतात, इथे आपला गॅस आणि जाळी. तेल लावलं, ठेवलं, आणि टोचे मारायलाच विसरले ना!! फोनवर बोलत होते आणि एकदम फट्ट... अर्धं वांगं बर्नरवर, अर्धं टाइल्सवर. मामी हॉलमधून, "फुटलं ना?" एवढंच.

दुसरं मात्र नीट भाजलं, देठापर्यंत मऊ, साल आपोआप सुटत होती आणि आत तो धुराचा वास, अहाहा. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचला, मी मिक्सर काढला तर मामीने तो परत कपाटात ठेवला. वांगं पण ठेचायचंच म्हणे, बडगीत (ठेचायचं लाकडी भांडं) नाही तर खलबत्त्यात. मग तेलात शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. मसाला काहीही नाही, टोमॅटो तर नाहीच नाही.

वांगं बघून नाक मुरडणारा आमचा मुलगा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर दोनदा घेऊन बसला आणि वर विचारतोय, ही कसली भाजी आहे? मी काही सांगितलं नाही. बर्नर अजून पिवळाच पेटतोय, उद्या बघू.