फॉर्मवर खताचा रकानाच नव्हता

आमच्याकडे चाळीस माद्यांचं वराहपालन आहे. आटपाडीकडचे एक डाळिंबवाले अण्णा बहार धरायच्या आधी दरवर्षी दोन ट्रॉली खत नेतात. गेल्या वर्षी ट्रॉली लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्या खतात मोरचूद किती उतरतं? बागेत बोर्डो मारून मारून आधीच तांबं साठलंय. रिपोर्ट असेल तर दाखवा." रिपोर्ट नव्हता. आठवड्यात आणते म्हणाले. त्याला तीन महिने लागले.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण. खतात मोरचूद कुठून येतं हे मला माहीत होतं. पिल्लांचं दूध तोडलं की हगवण लागते. खाद्यात मोरचूद आणि झिंक ऑक्साइड (जस्ताचं संयुग) घातलं की हगवण थांबते, पिल्लं वजन धरतात. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डुकरांच्या खाद्यात २५० पीपीएम, म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅम, तांब्याचे प्रयोग झाले आणि तो आकडा सगळीकडे रूढ झाला. आमचा खाद्यवालाही टनाला एक किलो मोरचूद घालायचा. मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं, म्हणजे बरोबर २५० पीपीएम. पिल्लाची गरज असते ५-६ पीपीएमची. बाकीचं विष्ठेतून बाहेर पडतं.

तालुक्याच्या गावी एका माती तपासणी प्रयोगशाळेत पिशवी घेऊन गेले. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला. त्यात दोनच रकाने, माती आणि पाणी. मी म्हणाले, हे खत आहे. तो म्हणाला, "मातीवर टिक करा, मशीन तेच आहे." गट नंबर लिहा, मागचं पीक लिहा. खताचं मागचं पीक काय लिहायचं? मी मका लिहिलं. आज वाटतं, तिथेच अडून बसायला हवं होतं.

अकराव्या दिवशी कार्ड मिळालं. तांबं ५.८ पीपीएम, जस्त ४१, दोन्हींपुढे 'भरपूर'. आकडे लहान बघून मला हायसं वाटलं, अण्णांना फोनही केला. आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "खाद्यात अडीचशे आणि खतात सहा? मधलं गेलं कुठे?" डुक्कर शंभरातलं नव्वद बाहेर टाकतं. किलोभर खाद्य खाल्लं की साधारण दोनशे ग्रॅम कोरडी विष्ठा पडते, म्हणजे तांबं उलट चारपाच पट घट्ट व्हायला हवं. हा हिशोब मी तिथल्या तिथे वहीच्या पाठीवर मांडला आणि पोटात खड्डा पडला.

दुसरी खेप. खिडकीवर तेच उत्तर, "मशीन बरोबर आहे." मशीन बरोबरच होतं. आत काम करणारी एक मुलगी डबा खायला बाहेर आली, तिने पाच मिनिटांत उलगडा केला. मातीचा नमुना डीटीपीए नावाच्या द्रावणात दोन तास हलवतात, गाळतात आणि झाडाला उचलता येईल एवढंच तांबं मोजतात. पिकाला सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडतंय का, हे पाहायला ती पद्धत आहे. खतात एकूण किती आहे ते हवं असेल तर नमुना तीव्र आम्लात उकळून पूर्ण विरघळवावा लागतो. मशीन तेच, पण आधीची कृती वेगळी. तिने माझ्या वहीत लिहून दिलं: 'एकूण तांबे, एकूण जस्त, आम्ल पचन.' हे सहा शब्द पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर महिना वाचला असता.

पण त्यासाठीचा फॉर्म वेगळा, सेंद्रिय खत उत्पादकांचा, आणि त्यात परवाना क्रमांक बंधनकारक. मी उत्पादक नाही, माझ्या उकिरड्याला कुठला परवाना? साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, पण बैठकीत. मी साडेअकरापासून सव्वातीनपर्यंत बाकावर बसले, मांडीवर खताची पिशवी, येणारा-जाणारा नाकाला रुमाल लावून जातोय. मला त्याची लाज वाटली नाही, राग आला. जी चौकशी मी आपणहून करतेय ती करायला कोणी सांगतही नाही, आणि करायला गेलं की दार बंद. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला: स्वतःच्या शेतात वापरासाठी, सल्ल्यापुरती तपासणी. सही एका मिनिटात झाली.

एक राहिलं. नमुना पत्र्याच्या बादलीत घेऊ नका, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. पितळी चाळणीही नको, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. प्लॅस्टिकचं घमेलं, लाकडी उलथणं, खड्ड्यातल्या दहा जागांवरून थोडं थोडं. पहिला नमुना मी पत्र्याच्या बादलीतच कालवला होता.

चोवीस दिवसांनी रिपोर्ट आला. तांबं १९६. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला (शहरातल्या कचऱ्याच्या खताला) तांब्याची मर्यादा ३०० पीपीएम आहे, जस्ताची १०००. अण्णा म्हणाले, बसलं की मर्यादेत. मी या वेळी घाई केली नाही. त्या मुलीलाच फोन लावून विचारलं, हे ओल्या वजनावर की कोरड्या? ओल्या. ओलावा ६८ टक्के. त्या कंपोस्टला ओलावा २५ टक्क्यांच्या आतच चालतो, तेव्हा तुलना करायची तर कोरड्यावरच. १९६ भागिले ०.३२, म्हणजे ६१२. दुपटीहून जास्त. खत कुजवून कमी होईल म्हणावं तर तेही नाही. कुजताना वजन घटतं, तांबं तेवढंच राहतं.

अण्णांना खत दिलं नाही. त्याहून मोठी काळजी बापूंची होती. खरीप निघाला की बापू धनगर आमच्या रानात मेंढ्या बसवतात, आणि त्याच रानात आम्ही वर्षानुवर्षं हे खत ओतलंय. मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही. यकृतात महिनोन् महिने साठत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस अचानक रक्तातल्या पेशी फुटून लघवी लाल-काळी होते, जनावर आडवं पडतं. बापूंना घरी जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं केलंस माय, आधी बोललीस."

खाद्यवाल्याशी दोन वेळा वाजलं. युरोपीय संघाने औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद केलंय आणि मोठ्या डुकरांच्या खाद्यात तांब्याची मर्यादा २५ पीपीएम ठेवलीय, हे मी छापून नेलं. आता मोठ्यांच्या खाद्यात वरून मोरचूद नाही. झिंक ऑक्साइड पूर्ण बंद. दूध तोडलेल्या पिल्लांना चार आठवडेच थोडं तांबं, त्यांचं खाद्य वेगळं, पोती वेगळी. दूध एक आठवडा उशिरा तोडते, पिण्याचं पाणी बदललं. पहिल्या दोन वेतांत हगवण वाढली, खोटं कशाला सांगू. तिसऱ्यापासून बसली.

नवा खड्डा खणला, जुना तसाच झाकून ठेवलाय. नव्या खड्ड्यातला नमुना सहा महिन्यांनी नेला. फॉर्म अजून तोच, दोन रकान्यांचा. मी अर्ज घरूनच लिहून नेला होता: एकूण तांबे, एकूण जस्त, आम्ल पचन, कोरड्या वजनावर. तांबं १३८ आलं. अण्णांनी ट्रॉली लावली. बापूंच्या मेंढ्या यंदा विहिरीकडच्या तुकड्यात बसल्या, तिथे आमचं खत कधीच गेलं नव्हतं.